पुंजक्यातले डिझेलचे थेंब उच्च दाबात कसे आटतात?

सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका प्रोजेक्ट-गटाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅबमधलं एकसिलिंडर डिझेल इंजिन घेतलंय: बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, कॉम्प्रेशन रेशो १७.५, वेग १५०० आरपीएम. नोझल २०० बारला उघडतं, त्याला ०.३ मिमीची तीन छिद्रं आहेत आणि इंजेक्शन टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या क्षणाच्या) २३ अंश आधी सुरू होतं. थेंब किती वेळात आटेल हे सांगणाऱ्या डी-स्क्वेअर नियमाने, ९०० केल्व्हिन आणि ६० बारची हवा धरून, २० मायक्रॉनचा थेंब ०.८५ मिलिसेकंदात संपतो. सिम्युलेशनमध्ये मात्र द्रव डिझेल पिस्टनच्या वाटीच्या भिंतीपर्यंत पोचतं. नोझल टेस्टरवर, म्हणजे मोकळ्या हवेत फवारा तपासायच्या यंत्रावर, तो झकास दिसतो. मग चूक कुठे? आणि सिलिंडरमधला दाब डिझेलच्या क्रांतिक दाबापेक्षा (ज्याच्या वर द्रव आणि वाफ हा भेद उरत नाही तो दाब) जास्त असताना अप्रकट उष्मा, म्हणजे द्रवाची वाफ करायला लागणारी उष्णता, धरायचा तरी कशाला?

सिम्युलेशनवर लगेच संशय घेऊ नका. अशा नोझलमधून द्रव भिंतीपर्यंत जाणं अगदी शक्य आहे. गडबड हातानं केलेल्या गणितात आहे. ते गणित एकट्या थेंबाचं आहे आणि त्यात हवेची स्थितीही चुकीच्या क्षणाची घेतली आहे. आधी दुसरी चूक बघू, कारण ती लवकर सुटते.

तुम्ही ९०० केल्व्हिन आणि ६० बार धरलेत. शोधनिबंधांमधल्या प्रमाण चाचण्या बऱ्याचदा याच स्थितीत होतात, म्हणून तो आकडा आला असणार. तुमच्या इंजिनात इंजेक्शन सुरू होताना पिस्टन अजून टीडीसीपासून सुमारे साडेपाच मिमी खाली असतो. क्लिअरन्सची उंची, म्हणजे स्ट्रोक भागिले १६.५, ही ६.७ मिमी. त्यामुळे त्या क्षणी कॉम्प्रेशन रेशो साडेसतरा झालेला नसतो, तो ९.७ च्या आसपास असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, म्हणून सुरुवातीचा दाब १ बार न धरता ०.९६ बार धरा. पॉलिट्रॉपिक घातांक (दाबताना हवेचा दाब आणि तापमान किती चढतं हे ठरवणारा) १.३५ घेतला आणि मे महिन्यातली ४२ अंश सेल्सिअसची हवा घेतली, तर इंजेक्शनच्या सुरुवातीला मिळतात साधारण २०.६ बार, ७०० केल्व्हिन आणि १०.३ किलो प्रति घनमीटर घनता. टीडीसीला तीच हवा ४६ बार आणि ८६० केल्व्हिनवर जाते, घनता १८.६ होते. डिसेंबरातल्या १५ अंशांच्या पहाटे इंजेक्शनच्या वेळचं तापमान ६४० केल्व्हिनच्या आत राहतं. इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि भिंतीतून उष्णता जाते, त्यामुळे खरे आकडे यापेक्षाही थोडे कमी येतील. म्हणजे पहिले थेंब ज्या हवेत शिरतात ती तुमच्या गृहीतकापेक्षा २०० केल्व्हिनने थंड आणि निम्म्याहून विरळ असते.

आता एकटा थेंब. नियम असा: व्यासाचा वर्ग वेळेबरोबर सरळ रेषेत घटतो, आणि त्या घटीचा स्थिरांक क = ८ × वायूची उष्णतावाहकता ÷ (द्रवाची घनता × वाफेची विशिष्ट उष्णता) × लॉग(१ + ब). यातला लॉग नैसर्गिक आहे. ब म्हणजे स्पाल्डिंगचा आकडा: हवा आणि थेंबाचा पृष्ठभाग यांच्या तापमानांतला फरक गुणिले विशिष्ट उष्णता, भागिले अप्रकट उष्मा. ९०० केल्व्हिनला क साधारण ०.४७ चौरस मिमी प्रति सेकंद येतो, तुमचे ०.८५ मिलिसेकंद तिथूनच आलेत. ७०० केल्व्हिनला वाहकता कमी आणि तापमानातला फरकही कमी, त्यामुळे क ०.२५ च्या आसपास उतरतो आणि तोच थेंब १.६ मिलिसेकंद टिकतो. १५०० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ९ अंश फिरतो. म्हणजे १.६ मिलिसेकंदात १४ अंश गेले, तेही थेंब तापायला लागणारा वेळ न धरता.

हा तापण्याचा वेळ सोडून देता येत नाही. २० मायक्रॉनच्या थेंबात बाहेरची उष्णता मध्यापर्यंत पोचायला ०.१ मिलिसेकंदापेक्षा जास्त लागतो. शिवाय दाब वाढला की थेंबाचं समतोल तापमानही वर सरकतं, म्हणजे तितका जास्त वेळ नुसतं तापण्यातच जातो. उच्च दाबाच्या नोंदींमध्ये व्यासाच्या वर्गाची रेषा सुरुवातीला सपाट असते. कधीकधी ती किंचित वरही जाते, कारण तापलेला द्रव फुगतो. त्या टप्प्यानंतरच ती खाली वळते. पूर्ण आयुष्यभर एकच क वापरणारं गणित हा टप्पा गिळून टाकतं.

क च्या सूत्रात दाब कुठेच दिसत नाही, आणि इथे बरेच जण फसतात. दाब येतो तो पृष्ठभागाच्या तापमानातून आणि अप्रकट उष्म्यातून. दाब वाढला की पृष्ठभाग जास्त तापलेला राहतो, म्हणून हवेशी असलेला फरक घटतो आणि बाष्पीभवन मंदावतं. त्याच वेळी अप्रकट उष्मा कमी होतो, म्हणून बाष्पीभवन वाढतं. हवा थंड असेल तर पहिला परिणाम वरचढ ठरतो आणि दाबाबरोबर थेंबाचं आयुष्य वाढतं. हवा खूप गरम असेल तर दुसरा परिणाम जिंकतो आणि आयुष्य घटतं. नोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सूक्ष्मगुरुत्वात (जवळपास वजनरहित स्थितीत) हेप्टेनच्या थेंबांवर केलेल्या प्रयोगांत, १ ते ५० बार आणि ४०० ते ८०० केल्व्हिन या पल्ल्यात, हा पालट स्पष्ट दिसतो. म्हणून “उच्च दाबात थेंब लवकर आटतो” किंवा “उशिरा आटतो” असं तापमान न सांगता लिहू नका. व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल.

आता मुख्य मुद्दा, पुंजका, म्हणजे दाटीवाटीने असलेल्या थेंबांचा ढग. चादरी-टॉवेलांच्या गावात हे समजवायला सोपं आहे: एका दोरीवर खेटून घातलेले ओले टॉवेल लवकर वाळत नाहीत, कारण मधली हवा ओली आणि गार होऊन बसते. थेंबांचंही तसंच होतं. फक्त ते मोजायचं कसं, यावर मतभेद आहेत, आणि दाब वाढल्यावर मोजण्याची रीतच बदलावी लागते.

जुनी रीत स्थिर विसरणाची, म्हणजे भोवतालची स्थिती वेळेबरोबर बदलत नाही असं धरून वाफेचं आणि उष्णतेचं पसरणं मोजायची. दोन सारखे थेंब एकमेकांना चिकटून असतील तर प्रत्येकाचा आटण्याचा वेग एकट्याच्या ०.६९३ पट होतो. हे अचूक उत्तर आहे, नैसर्गिक लॉग २ एवढं. दोन थेंबांच्या केंद्रांमध्ये दहा व्यासांचं अंतर असेल तर घट फक्त ५ टक्के. हा ५ टक्क्यांचा आकडा पाहून बरेच रिपोर्ट “दहा व्यासांपुढे परस्परप्रभाव नगण्य” असं लिहून मोकळे होतात. दोन थेंबांसाठी ते खरं आहे, हजार थेंबांसाठी साफ चूक आहे. २० मायक्रॉनचे हजार थेंब २०० मायक्रॉन अंतरावर घ्या. त्या ढगाची त्रिज्या सव्वा मिमीच्या जवळ येते. स्थिर विसरणात अख्खा ढग मिळून जास्तीत जास्त त्याच्या बाहेरच्या गोलाएवढीच वाफ बाहेर टाकू शकतो, आणि तो गोल म्हणजे १२४ सुट्या थेंबांची क्षमता. हजारात वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला १२ टक्केच येतात. अंतर तेच दहा व्यास, पण घट ५ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर गेली. मोजायचं ते शेजाऱ्याचं अंतर आणि ढगातली एकूण संख्या, दोन्ही मिळून.

यासाठी च्यू आणि लियू यांनी १९७७ मध्ये मांडलेला गट-आकडा वापरतात. सापेक्ष वेग शून्य धरला तर तो होतो ३ × ल्युइस आकडा × संख्येचा दोन-तृतीयांश घात × (थेंबाची त्रिज्या ÷ अंतर). ल्युइस आकडा म्हणजे उष्णता आणि वाफ पसरण्याच्या वेगांचं गुणोत्तर. वरच्या ढगासाठी तो १ धरून, ३ × १०० × ०.०५ = १५. हा आकडा ०.०१ च्या खाली असेल तर प्रत्येक थेंब स्वतंत्र. १ च्या वर गेला की ज्योत थेंबाभोवती राहत नाही, ढगाभोवती जाते. १०० च्या वर आतले थेंब जवळपास आटतच नाहीत, फक्त बाहेरचा थर आटतो. तुमच्या फवाऱ्यात एकेकट्या थेंबाभोवतीची ज्योत शोधू नका, ती मिळणार नाही.

मात्र या साऱ्या गणिताच्या तळाशी एक गृहीतक आहे: थेंबांमधल्या वायूत साठलेली उष्णता नगण्य आहे. १ बारला, ९०० केल्व्हिनवर, द्रव वायूपेक्षा सुमारे १८०० पट घन असतो, तिथे हे चालतं. ६० बारला तेच गुणोत्तर ३१ वर येतं, तिथे मुळीच चालत नाही. शिवाय विसरणाचा वेग दाबाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ९०० केल्व्हिनच्या हवेत एका मिलिसेकंदात उष्णता १ बारला सुमारे ३७० मायक्रॉन पसरते, ६० बारला फक्त ५०. म्हणजे उच्च दाबात २०० मायक्रॉन अंतरावरच्या दोन थेंबांना पहिल्या मिलिसेकंदात एकमेकांची जवळपास खबरच लागत नाही. प्रत्येक थेंब आपापल्या वाट्याच्या दाट, गरम हवेतून उष्णता घेत असतो. स्थिर विसरणाचं गणित इथे पुंजक्याचा परिणाम खूप फुगवून सांगतं.

म्हणून उच्च दाबात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: एका थेंबाच्या वाट्याला किती गरम हवा येते आणि ती त्याला पुरते का?

हिशेब करू. डिझेल ४० अंशांवरून तापवून पूर्ण वाफ करायला ढोबळमानाने ६०० किलोज्यूल प्रति किलो लागतात. ७०० केल्व्हिनची हवा ४८० पर्यंत थंड झाली तर ती किलोमागे २३५ किलोज्यूल देते. म्हणजे एक किलो डिझेलला किमान अडीच किलो हवा हवी. टीडीसीजवळच्या ८६० केल्व्हिनच्या हवेला हाच आकडा सुमारे १.५ किलो येतो, कारण प्रत्येक किलोत उष्णता जास्त असते. आता प्रत्येक थेंबाभोवती अंतराएवढ्या बाजूचा एक घन कल्पून त्यातली हवा मोजली, तर पुरेशा हवेसाठी लागणारं किमान अंतर असं निघतं:

अंतर ÷ व्यास = घनमूळ [ ०.५२४ × (द्रवाची घनता ÷ हवेची घनता) × लागणारी हवा किलोत ]

द्रवाची घनता ७०० घ्या. इंजेक्शनच्या सुरुवातीला, म्हणजे घनता १०.३ आणि हवा २.५ किलो, उत्तर येतं ४.५ व्यास. टीडीसीला, घनता १८.६ आणि हवा १.५ किलो, उत्तर ३.१ व्यास. १ बारला आणि ७०० केल्व्हिनला, घनता ०.५ आणि हवा तेवढीच धरून, १२ व्यास. दाबाचा पुंजक्यावरचा खरा परिणाम हाच आहे. वातावरणीय दाबात बारा व्यासांच्या आतला पुंजका स्वतःची हवा गार करून अडकतो. टीडीसीजवळ तीनेक व्यासांपर्यंत दाटलेला पुंजकाही स्वतःच्या हवेवर निभावून नेतो. त्याहून दाट असेल तर मात्र थेंब कितीही बारीक असू द्या, आतली हवा संपृक्त होऊन बाष्पीभवन थांबतं. पुढचं सगळं बाहेरून नवी हवा कधी आत ओढली जाते यावर ठरतं.

नोझलजवळचा फवारा या मर्यादेच्या आतच असतो. छिद्रातून निघताना तर तो अखंड द्रव आहे. म्हणून द्रव कुठवर जाणार हे थेंबाच्या क ने ठरत नाही, हवा मिसळण्याच्या वेगाने ठरतं. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत डेनिस सिबर्स यांनी १९९८-९९ मध्ये हे मोजमापांसह दाखवलं: द्रवाची लांबी छिद्राच्या व्यासाच्या प्रमाणात वाढते, हवेची घनता आणि तापमान वाढलं की घटते, आणि इंजेक्शनच्या दाबावर जवळपास अवलंबून नसते. शेवटचा भाग अनेकांना पटत नाही. पण इंजेक्शनचा दाब वाढवला की फवाऱ्याचा वेग वाढतो, इंधनाचा प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो आणि आत ओढली जाणारी हवाही त्याच प्रमाणात वाढते. गुणोत्तर तेच राहतं, त्यामुळे पुरेशी हवा मिळण्याची जागाही तीच राहते.

हे तुमच्या नोझलला लावून बघा. डोडेकेन (चाचण्यांत डिझेलच्या जागी वापरतात ते शुद्ध इंधन), ९० मायक्रॉनचं छिद्र, ९०० केल्व्हिन, २२.८ किलो प्रति घनमीटर, या प्रमाण स्थितीत द्रवाची लांबी १० मिमीच्या जवळ मोजली गेली आहे. तुमचं छिद्र ३०० मायक्रॉनचं, म्हणजे नुसत्या व्यासाने ती ३३ मिमी झाली. त्यात तुमची हवा थंड आणि विरळ, आणि डिझेलचा शेवटचा भाग डोडेकेनपेक्षा जड. तो भाग साडेतीनशे अंशांच्या आसपास उकळतो, तर डोडेकेन २१६ अंशांनाच उकळतं. म्हणजे लांबी ३३ मिमीपेक्षा बरीच जास्त. वाटीची त्रिज्या मोजा. या आकाराच्या इंजिनात ती तीस मिमीच्या आत असते. द्रव भिंतीवर आपटणारच. सिम्युलेशन खोटं बोलत नाही.

करंजाच्या बायोडिझेलवर प्रोजेक्ट करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. त्याचे बहुतेक घटक ३३०-३५० अंशांच्या अरुंद पट्ट्यात उकळतात. डिझेलचा हलका भाग आधी उडून उरलेल्या थेंबांना थोडी मोकळीक देतो, ती सोय इथे नाही.

आता क्रांतिक दाबाचा प्रश्न. डोडेकेनचा क्रांतिक दाब १८.२ बार, क्रांतिक तापमान ६५८ केल्व्हिन. हेक्झाडेकेनचा दाब १४ बार, तापमान ७२२ केल्व्हिन. सिलिंडरमध्ये २० ते ४६ बार आहेत, म्हणून “थेंब क्रांतिक बिंदू ओलांडून गेला, अप्रकट उष्मा शून्य” असा निष्कर्ष काढता येत नाही. थेंबाच्या पृष्ठभागावर शुद्ध डिझेल नसतं. तिथे डिझेल आणि त्यात विरघळलेला नायट्रोजन यांचं मिश्रण असतं, आणि त्या मिश्रणाचा क्रांतिक दाब शुद्ध इंधनाच्या कित्येक पट असतो. तापमान जितकं कमी, तितका तो वर जातो. पृष्ठभागाचं तापमान तुमच्या स्थितीत ५०० केल्व्हिनच्या आसपास अडकलेलं असतं, आणि पुंजक्यात तर आजूबाजूची हवाही गार झालेली असते. त्यामुळे पृष्ठताण शिल्लक राहतो, थेंब गोल राहतो आणि अप्रकट उष्मा कमी झाला तरी शून्य होत नाही. २०१७ मध्ये क्रुआ, मॅनिन आणि पिकेट यांनी प्रसिद्ध केलेल्या सूक्ष्म छायाचित्रांत हेच दिसतं. इंधनाच्या क्रांतिक बिंदूच्या वरच्या हवेतही थेंब आधी थेंबासारखेच वागतात. दाब आणि तापमान फार वर गेल्यावरच, आणि तेही काही वेळ गेल्यावर, त्यांची कडा विरघळून ते वायूत मिसळून जातात. तुमचं इंजिन त्या पट्ट्यात जात नाही, तेव्हा अप्रकट उष्मा धरा. मात्र तो शुद्ध इंधनाच्या तक्त्यातून उचलू नका.

त्यासाठी मॉडेलमध्ये पृष्ठभागावरचा समतोल बदलावा लागतो. राउल्टचा नियम आणि बाष्पदाबाचं साधं सूत्र १० बारच्या वर घसरायला लागतं. पेंग-रॉबिन्सन समीकरण (उच्च दाबातल्या खऱ्या वायू-द्रवांसाठीचं) घेऊन द्रव आणि वायू दोन्हीकडची फ्युगॅसिटी, म्हणजे प्रत्येक घटकाचा परिणामी दाब, समान करा, आणि बाष्पीभवनाची उष्णता दोन्ही बाजूंच्या आंशिक एन्थाल्पीच्या फरकातून काढा. एवढं करायला वेळ नसेल तर निदान अप्रकट उष्मा तापमानाबरोबर घटणारा ठेवा. स्थिर आकडा ठेवू नका. थेंबाच्या आतलं तापमान एकसमान धरणारा पर्याय बंद करा. भोवतालच्या पातळ थराचे गुणधर्म एक-तृतीयांश नियमाने काढा: पृष्ठभागाचं तापमान अधिक फरकाचा तिसरा हिस्सा. अब्रामझोन आणि सिरिग्नानो यांची १९८९ ची दुरुस्ती (बाहेर पडणाऱ्या वाफेने हा थर जाड होतो ते धरणारी) बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करा.

सर्वांत जास्त चूक होते ती जाळीत. लॅग्रांजियन पद्धतीत थेंबांच्या एकेका गटाचा, म्हणजे पार्सलचा, माग काढतात, आणि त्या पार्सलला “दूरची हवा” म्हणून त्याच्या सेलची (जाळीच्या घराची) सरासरी मिळते. सेल २ मिमीचा असेल तर त्यात पुंजकाही आला आणि बाहेरची कोरडी हवाही आली. सरासरी कोरडी दिसते आणि पुंजक्यातले थेंब खोट्या वेगाने आटतात. त्याच वेळी मोठ्या सेलमध्ये संवेग चुकीचा वाटला जातो आणि आत येणारी हवाही चुकते. या दोन चुका कधीकधी एकमेकींना झाकतात आणि उत्तर योगायोगाने बरोबर येतं, जे सगळ्यात धोक्याचं. नोझलजवळ ०.२५ ते ०.५ मिमीचा सेल ठेवा, पार्सलची संख्या वाढवत न्या, आणि द्रवाची लांबी बदलायची थांबेपर्यंत थांबू नका. बाहेरची वाफ शून्य धरणारी सेटिंग कुठे लपली आहे का तेही पाहा. एकट्या थेंबाच्या उदाहरणावरून सुरू केलेल्या फाइलींत ती राहून गेलेली असते.

आणखी एक गोष्ट सरासरीत लपते. २० मायक्रॉनच्या थेंबाला हवेचा वेग पकडायला ०.३-०.४ मिलिसेकंद लागतात. फवाऱ्यातले १ मिमीचे भोवरे १० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास फिरत असतील तर त्यांचा काळ ०.१ मिलिसेकंद. हे दोन काळ जवळजवळ आले की थेंब भोवऱ्यांतून बाहेर फेकले जाऊन मधल्या शांत पट्ट्यांत गोळा होतात. म्हणून सरासरी अंतर आठ व्यास असलं तरी काही ठिकाणी ते तीनच असू शकतं. ५ मायक्रॉनचे थेंब हवेबरोबरच वाहतात, ते असे गोळा होत नाहीत. थेंब आणि हवा यांच्या सापेक्ष वेगाने बाष्पीभवन किती वाढतं हे सांगणाऱ्या रँझ-मार्शलच्या सूत्राने तो फायदा देतानाही जपून, दाट पुंजक्यात मधली हवा थेंबांबरोबरच ओढली जाते आणि तो फायदा लवकर संपतो.

नोझल टेस्टरबद्दल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पंप-नोझलच्या कामाला गेलात तर टेस्टरवरचा फवारा जरूर पाहा, पण त्याचा अर्थ नीट लावा. तिथे हवेची घनता १.१ असते, इंजिनात तिच्या दहापट, आणि ४० अंशांना डिझेल आटतच नाही. टेस्टर सांगतो तीन गोष्टी: उघडण्याचा दाब, छिद्रं मोकळी आहेत का, आणि नीडल बसते का. उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी दाब धरून ठेवा, १० सेकंदांत टोकाला थेंब लोंबकळता कामा नये. फवाऱ्याखाली हात कधीही धरू नका. २०० बारचं डिझेल कातडी भेदून आत जातं, जखम सुईच्या टोचणीएवढीच दिसते, आणि तरीही तातडीने सर्जनकडे जावं लागतं.

नीडल गळत असेल किंवा स्प्रिंग सैल होऊन दाब १५० वर आला असेल, तर बिघाड शेवटच्या थेंबांत दिसतो. इंजेक्शन संपताना कमी वेगाने निघालेला थेंब ६० मायक्रॉनचा असेल, तर ९०० केल्व्हिनच्या हवेतही, अगदी एकटा असला तरी, तो ७.७ मिलिसेकंद म्हणजे ६९ अंश टिकतो. तोवर एक्स्पान्शन अर्ध्यावर गेलेलं असतं. हिवाळ्यात पहाटे चालू केलेल्या इंजिनाचा पांढरा धूर हाच असतो: न जळलेल्या डिझेलची वाफ बाहेर येऊन पुन्हा झालेले थेंब. चढावर उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा काळा धूर वेगळा. तिथे वाफ झालेली असते, पण हवा न मिळाल्याने ती काजळी होते. भिंतीवर बसलेलं डिझेल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली आणि ऑइल पातळ झालेलं दिसलं की हाच संशय घ्या. यावर नुसता उघडण्याचा दाब वाढवून उपयोग मर्यादित, कारण द्रवाची लांबी दाबाला दाद देत नाही. तीन छिद्रं ०.३ मिमीची ठेवण्याऐवजी पाच छिद्रं ०.२३ ची घेतली तर एकूण क्षेत्रफळ जवळपास तेच राहतं आणि द्रवाची लांबी चौथ्या हिश्श्याने घटते. पण छिद्रं बारीक झाली की फिल्टरची हयगय चालत नाही.

प्रयोग करायचाच असेल तर दाबपात्रात तारेवर टांगलेल्या थेंबांची ओळ हा तुमच्या बजेटमधला मार्ग आहे. थेंब ०.८ मिमीचे, मधलं अंतर ३ पासून १० व्यासांपर्यंत बदलता येईल असं ठेवा. आत हवा भरू नका, नायट्रोजन भरा. गरम हवेत डिझेल आपोआप पेटतं आणि दाबाखाली ते आणखी कमी तापमानाला पेटतं. पात्राची पाण्याने दाबचाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट करा, काचेसमोर उभं न राहता आरशातून किंवा कॅमेऱ्यातून पाहा. तार जाड असेल तर तीच थेंबाला उष्णता पुरवते आणि क फुगून येतो. शक्य तितका बारीक, दहा-पंधरा मायक्रॉनचा सिरॅमिक धागा आडवा-उभा ताणून त्यांच्या फुलीवर थेंब बसवा.

सर्वांत मोठी अडचण गुरुत्वाकर्षणाची. गरम-थंड वायूच्या नैसर्गिक प्रवाहाचा ग्राशॉफ आकडा दाबाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २० बारला तो ४०० पट होतो. थेंबाभोवतीचा गार, जड वायू खाली सरकतो, आणि उभ्या ओळीतला खालचा थेंब वरच्याच्या वाफेत न्हाऊन निघतो. ओळ आडवी ठेवा, आणि मिळालेला क थेट २० मायक्रॉनच्या थेंबांना लावू नका. ग्राशॉफ आकडा व्यासाच्या घनाने बदलतो, त्यामुळे खऱ्या फवाऱ्यातल्या थेंबांना हा प्रवाह जाणवतही नाही. या प्रयोगातून घ्यायचं ते गुणोत्तर: त्याच दाबात, त्याच तापमानात मधल्या थेंबाचं आयुष्य भागिले एकट्याचं आयुष्य. ते १, ५ आणि २० बारला काढा. दाब वाढवताना हे गुणोत्तर १ कडे झुकलं, तर वरचा वाट्याच्या हवेचा हिशेब तुमच्या पात्रातही खरा ठरतो. झुकलं नाही, तर आधी नैसर्गिक प्रवाह आणि धाग्यातून येणारी उष्णता तपासा, मगच मॉडेलला हात लावा.